रनीमीड ते वेस्टमिन्स्टर : 'स्वतंत्र माणूस' म्हणजे कोण?

लंडनला जाणाऱ्या आपल्या माणसांची वाट ठरलेली असते. किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर, जेथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले; ग्रेज इन, जेथून ते बॅरिस्टर झाले; आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. ही तीन ठिकाणे पाहिल्याशिवाय कोणी परतत नाही, परतूही नये. परंतु वाचकहो, ह्या यादीत आणखी दोन जागा घालाव्यात अशी आमची आग्रहाची विनंती आहे. एक आहे लंडनबाहेरचे नदीकाठचे कुरण, आणि दुसरी आहे लंडनच्या पोटातले नऊशे वर्षांचे जुने सभागृह. बाबासाहेबांनी जो कायदा तेथे अभ्यासला, त्याची मुळे ह्या दोन जागी आहेत. राजाची सत्ता कायद्याने कशी बांधली गेली, आणि गरिबाच्या पदरात त्यातून काय पडले व किती उशिरा पडले, हे तेथे उभे राहिले की नीट उमगते.

आम्ही उभयता भाच्याकडे स्लाऊ गावी मुक्कामाला होतो. तेथून रनीमीड मोटारीने फार दूर नाही. लंडनहून जाणाऱ्यांनी वॉटर्लू स्टेशनवर आगगाडीत बसून एगम येथे उतरावे. भाचा, भाचसून आणि त्यांची तेरा वर्षांची लेक असे आम्ही पाच जण निघालो. डबा अर्थातच घरचा होता. इंग्लंडचे हवामान कसेही असले तरी पोळी-भाजीला कुरणात बसून वेगळीच चव येते!

कुरणातली सनद

रनीमीडला किल्ला नाही, राजवाडा नाही. थेम्स नदीच्या काठी पसरलेले सपाट हिरवे कुरण, मागे झाडीने भरलेली टेकडी, नदीत संथ जाणाऱ्या नावा, आणि डोक्यावरून हीथ्रो विमानतळाची विमाने. १९२९ मध्ये एका श्रीमंत कुटुंबाने हे कुरण नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेला देऊन टाकले म्हणून ते आज सर्वांसाठी खुले आहे. रस्त्यालगतच्या चौक्यांचे नकाशे एडविन ल्युटेन्स यांनी काढले. नवी दिल्ली उभारणारे ल्युटेन्स ते हेच.

ह्याच कुरणात १५ जून १२१५ रोजी जॉन राजा आणि त्याचे बंडखोर सरदार समोरासमोर आले. राजा विंडसरच्या किल्ल्यात होता, सरदार स्टेन्स गावी जमले होते. दोहोंच्या मधली ही दलदलीची जागा दोन्ही बाजूंना सोयीची वाटली.

जॉनने काय केले होते? फ्रान्समधला वडिलोपार्जित मुलूख त्याने गमावला. तो परत मिळवायला पैसा हवा म्हणून सरदारांवर मनमानी कर लादले. दिला नाही तर मुलेबाळे ओलीस ठेवली, जमिनी जप्त केल्या. विधवांना त्यांच्या इच्छेविरुद्ध लग्न लावून देण्याची धमकी देऊन पैसे उकळले. एका सरदाराच्या पत्नीला आणि मुलाला त्याने कैदेत उपाशी मारले असे त्या काळचे बखरकार सांगतात. १२१४ मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या दोस्तांचा मोठा पराभव झाला आणि सगळा खर्च पाण्यात गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात लंडन शहराने बंडखोरांना वेशी उघडून दिल्या, आणि राजाला बोलणी करणे भाग पडले.

त्यातून निघाली ती महासनद, मॅग्ना कार्टा. राजाने तिच्यावर सही केली असे आपण ऐकतो, ते खरे नाही. राजाची मोहोर उमटवली गेली. सहीची चाल तेव्हा नव्हती. लॅटिन भाषेत, चर्मपत्रावर, सलग दाट अक्षरांत ती लिहिली आहे. पुढे अभ्यासकांनी तिची ६३ कलमे पाडली.

ही कलमे वाचली तर आपल्याला हसू येईल अशीही त्यांत आहेत. थेम्समधले मासे पकडण्याचे बांध काढून टाकावेत, दारूचे आणि धान्याचे माप देशभर एकच असावे, राजाच्या अंमलदाराने पैसे दिल्याशिवाय कोणाचे धान्य उचलू नये. पण एकोणचाळिसावे आणि चाळिसावे कलम जगभर गेले. कोणत्याही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडले जाणार नाही, तुरुंगात टाकले जाणार नाही, त्याची मालमत्ता हिरावली जाणार नाही. आणि न्याय कोणालाही विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही, लांबवला जाणार नाही. ह्या दोन कलमांचा आशय इंग्लंडच्या कायद्यात आजही जिवंत आहे.

'आजोबा, सगळ्यांना का?'

डबा सोडता सोडता नातीने विचारले, "आजोबा, आम्हाला शाळेत सांगितलं की मॅग्ना कार्टानं सगळ्यांना हक्क दिले. मग त्यात 'स्वतंत्र माणूस' असं का लिहिलंय? नुसतं 'माणूस' का नाही?"

भाचा म्हणाला, "मामा, आता तुम्हीच सांगा. आमच्या घरात हिच्या प्रश्नांना उत्तरं देता देता पुरेवाट होते."

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. त्या काळी इंग्लंडमधला फार मोठा शेतकरीवर्ग 'स्वतंत्र' नव्हताच. ते भूदास होते. मालकाच्या शेतावर आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबायचे. परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. मुलीचे लग्न करायचे तरी मालकाला पैसे भरायचे. मालकाने अन्याय केला तर राजाच्या कोर्टात त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नसे. बाप भूदास म्हणून मुलगा भूदास. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

सनदेत ह्या लोकांचा उल्लेख आहे, पण दंड करताना त्यांची शेतीची अवजारे आणि पिके हिरावू नयेत एवढ्यापुरता. विधवेवर लग्नाची सक्ती होणार नाही हे कलम चांगले आहे. पण नवऱ्याच्या खुनाखेरीज दुसऱ्या कोणाच्या खुनाबद्दल बाईच्या फिर्यादीवरून कोणाला अटक करू नये, असेही कलम त्याच सनदेत आहे. सरदारांनी ही सनद सरदारांसाठी मागितली होती. गरिबाचा कळवळा येऊन कोणी रनीमीडला आले नव्हते.

आणि ती टिकली तरी किती? जेमतेम दहा आठवडे! जॉनने रोमला पोपकडे धाव घेतली, आणि पोप तिसरा इनोसंट याने ऑगस्ट १२१५ मध्येच सनद रद्द ठरवली. लढाई पेटली. १२१६ मध्ये जॉन मेला, नऊ वर्षांचा हेन्री गादीवर आला, आणि त्याच्या कारभाऱ्यांनी लोकांची मने वळवण्यासाठी सनद पुन्हा काढली. १२१७ मध्ये पुन्हा आणि १२२५ मध्ये पुन्हा. १२२५ ला तर राजाने कराच्या बदल्यात ती दिली. राजाला पैसा हवा, तर त्याने आधी कायदा मान्य करावा, हा सौदा तेव्हापासून रुजला. पार्लमेंटच्या सत्तेचे बीज ह्या सौद्यात आहे.

रनीमीडच्या कुरणात आज जी स्मारके दिसतात ती बहुतेक गेल्या सत्तर वर्षांतली आहेत. अमेरिकेच्या वकील संघटनेने १९५७ मध्ये उभारलेली खांबांची घुमटी आहे. जवळच भारताचे तेव्हाचे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी १९९४ मध्ये लावलेले ओकचे झाड आहे. आपल्या माणसाने तेथे दोन मिनिटे थांबावेच. २०१५ मध्ये सनदेला आठशे वर्षे झाली तेव्हा ह्यू लॉक ह्या कलावंताने काशाच्या बारा खुर्च्या मांडल्या. बारा, कारण ज्यूरीत बारा पंच असतात. खुर्च्यांवर जगभरातल्या हक्कांच्या लढ्यांची चित्रे कोरली आहेत. त्यांत कॉर्नेलिया सोराबजी आहेत. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या, आणि भारतात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला. सौभाग्यवतींनी त्या खुर्चीवर बसून फोटो काढून घेतला.

टेकडीच्या पायथ्याशी २०१८ मध्ये बांधलेली एक गोल वास्तू आहे. आत मधोमध पाण्याचे कुंड आणि वर उघडे आकाश. कुंडाच्या काठावर एकोणचाळिसावे कलम उलट्या अक्षरांत कोरले आहे. थेट पाहिले तर वाचता येत नाही, पाण्यातल्या प्रतिबिंबात वाचता येते. नात काठाभोवती फिरत एकेक शब्द मोठ्याने वाचत गेली आणि 'स्वतंत्र माणूस' ह्या शब्दांवर पुन्हा थांबली. मग आम्ही तिला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर ह्या कुरणात नाही, बाळ. त्यासाठी उद्या वेस्टमिन्स्टरला जावं लागेल."

वेस्टमिन्स्टरचे सभागृह

दुसऱ्या दिवशी वाटेत सेंट पँक्रसला ब्रिटिश लायब्ररीत डोकावलो. १२१५ च्या सनदेच्या चारच प्रती आज उरल्या आहेत. एक लिंकनला, एक सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये, आणि दोन ह्या लायब्ररीच्या ताब्यात. त्यांतली एक १७३१ च्या आगीत होरपळलेली आहे. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत ह्या दोन प्रती ब्रिटिश म्युझियमकडे होत्या, आणि ज्या वाचनालयात ते दिवसाचे दिवस वाचत बसत ते त्याच म्युझियममधले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेथून वेस्टमिन्स्टर. पार्लमेंट पाहायला जाणारे लोक घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो काढतात आणि निघतात. आत, पार्लमेंटच्या इमारतीला लागूनच जे वेस्टमिन्स्टर हॉल आहे, ते पाहिल्याशिवाय निघू नये. १०९७ मध्ये त्याचे काम सुरू झाले. लांबी सुमारे ७३ मीटर, रुंदी सुमारे २० मीटर, आणि मधे एकही खांब नाही. वर ओकच्या लाकडाचे भव्य छत. शेकडो वर्षे इंग्लंडची मोठी न्यायालये ह्याच दालनात बसत. पूर्वी राजा जाईल तेथे न्यायालय त्याच्या मागे फिरे आणि फिर्यादीला गावोगाव पायपीट करावी लागे. दिवाणी दावे एका ठरलेल्या जागी चालावेत अशी अट महासनदेत घातली गेली. ती जागा म्हणजे हे सभागृह.

ते लाकडी छत दुसऱ्या रिचर्ड राजाने घातले. त्या छताखाली उभे राहून आम्ही नातीला रिचर्डचीच गोष्ट सांगितली. १३५४ मध्ये पार्लमेंटने एक कायदा केला होता. त्यात 'स्वतंत्र माणूस' हा शब्द गाळून 'कोणत्याही दर्जाचा वा स्थितीचा माणूस' असे शब्द आले. कागदावर शब्द बदलला, गावात काहीच बदलले नाही. पुढे डोईपट्टीचा जुलूम असह्य झाला आणि १३८१ च्या जून महिन्यात हजारो शेतकरी लंडनवर चालून आले. त्यांची मुख्य मागणी भूदासपण नष्ट करा ही होती. चौदा वर्षांचा रिचर्ड घाबरला. त्याने १४ जूनला मागणी मान्य केली, मुक्ततेच्या सनदा लिहून वाटल्या. दुसऱ्याच दिवशी, १५ जूनला, म्हणजे रनीमीडच्याच तारखेला, त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला. आणि जुलै उजाडताच राजाने दिलेल्या सनदा मागे घेतल्या!

सरदारांची सनद पोपने रद्द केली, तरी ती पुन्हा निघाली, कारण सरदारांच्या हाती किल्ले होते, तलवारी होत्या, कर अडवण्याची ताकद होती. शेतकऱ्यांची सनद रद्द झाली ती कायमची, कारण ती घेऊन दाद मागायला त्यांना जागाच नव्हती. लिहून दिलेला हक्क आणि हाती असलेला हक्क ह्यांत हे अंतर आहे.

राजालाही कायदा

पुढची अडीचशे वर्षे सनद बाजूला पडली. सतराव्या शतकात ती पुन्हा बाहेर काढली एडवर्ड कोक ह्या कायदेपंडिताने. चार्ल्स राजाने सक्तीचे कर्ज काढले. ते द्यायला नकार देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यांतले पाच जण कोर्टात गेले. अटकेचे कारण काय, असे विचारले तर उत्तर मिळाले, राजाची मर्जी. कोर्टाने त्यांना सोडले नाही. तेव्हा १६२८ मध्ये पार्लमेंटने हक्कांचा अर्ज राजापुढे ठेवला. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, कारण दाखवल्याशिवाय तुरुंग नाही, लोकांच्या घरात सैनिक घुसवून ठेवायचे नाहीत, शांततेच्या काळात लष्करी कायदा नाही. राजाने होकार दिला, आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंट बरखास्त करून अकरा वर्षे एकट्याने कारभार केला. शेवट काय झाला? यादवी युद्ध, आणि जानेवारी १६४९ मध्ये ह्याच सभागृहात राजावर खटला. राजा कोठे बसला होता ते दाखवणारी पाटी फरशीत बसवली आहे. भाचा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

ह्या दालनातल्या वादांमधूनच सर्वांत मोलाचे हत्यार घडत गेले, ते हेबियस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीचा हुकूम. तुझ्या ताब्यात जो माणूस आहे त्याला कोर्टापुढे सदेह हजर कर आणि कोणत्या कायद्याने त्याला धरलेस ते सांग, एवढेच तो हुकूम म्हणतो. हुकूम जुना होता, पण तुरुंगाधिकारी टाळाटाळ करीत, कैद्याला एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवीत. १६७९ च्या कायद्याने पळवाटा बंद केल्या. कैदी जवळ असेल तर तीन दिवसांत हजर करायचा, फार दूर असेल तर वीस दिवसांत. चुकारपणा करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला पहिल्या वेळी शंभर पौंड दंड, दुसऱ्या वेळी दोनशे पौंड आणि नोकरी गेली. सुट्टीच्या काळात हुकूम नाकारणाऱ्या न्यायाधीशालाही पाचशे पौंड! ह्या कायद्यात मोठी तत्त्वे सांगितलेली नाहीत. दिवस मोजले आहेत आणि दंड मोजले आहेत. त्यातच त्याचे बळ आहे.

१६८९ मध्ये हक्कांचा जाहीरनामा आला. राजाने कायदा तहकूब ठेवायचा नाही, पार्लमेंटशिवाय कर नाही, शांततेत खडे सैन्य नाही, पार्लमेंटमधल्या भाषणावर बाहेर खटला नाही, अवाच्या सवा जामीन नाही, क्रूर शिक्षा नाहीत. १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांना राजाच्या मर्जीतून सोडवले. इंग्लंडमध्ये सत्तेला वेसण घातली गेली ती अशी, पायरी पायरीने, जवळजवळ पाचशे वर्षांत.

पण थांबा. हे स्वातंत्र्य कोणाचे? मतदार मूठभर. कॅथलिकांना मज्जाव. आणि जाहीरनाम्याला नऊ वर्षे होतात न होतात तोच, १६९८ मध्ये, पार्लमेंटने आफ्रिकेशी चालणारा व्यापार, त्यात गुलामांची खरेदी-विक्रीही आली, सर्व इंग्रज व्यापाऱ्यांना खुला करून दिला. स्वतःच्या राजाला बांधणारे हात दुसऱ्यांच्या हातात बेड्या घालत होते.

जेम्स सॉमरसेट

त्याच बेड्यांतला एक माणूस ह्या सभागृहात आला. त्याचे नाव जेम्स सॉमरसेट. आफ्रिकी गुलाम, व्हर्जिनियात विकत घेतलेला. १७६९ मध्ये मालकाने त्याला बॉस्टनहून लंडनला आणले. १७७१ मध्ये तो मालकाला सोडून निघून गेला. मालकाने त्याला पकडवून जमैकाला विकण्यासाठी एका जहाजावर बेड्या घालून ठेवले. पण सॉमरसेटचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच्या धर्मातील माता-पित्यांनी कोर्टात धाव घेतली आणि देहोपस्थितीचा हुकूम मागितला. हुकूम निघाला. जहाजाच्या कप्तानाला त्या काळ्या माणसाला घेऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मुख्य न्यायाधीश मॅन्सफील्ड यांच्यापुढे यावे लागले.

फ्रान्सिस हारग्रेव्ह हा तरुण बॅरिस्टर सॉमरसेटच्या बाजूने उभा राहिला. त्याचे म्हणणे असे, की इंग्लंडच्या कायद्याला गुलामीचा एकच प्रकार ठाऊक होता, तो म्हणजे भूदासपण. ते तर केव्हाच मरून गेले. मग ही नवी गुलामी कोणत्या कायद्याने आणता? २२ जून १७७२ रोजी निकाल लागला. गुलामगिरी इतकी घृणास्पद आहे की तिला स्पष्ट कायद्याचाच आधार लागेल. इंग्लंडमध्ये असा कायदा नाही. म्हणून ह्या माणसाला सोडलेच पाहिजे. त्या काळच्या वृत्तपत्रांत लिहिले आहे, की निकाल ऐकायला जमलेल्या काळ्या लोकांनी न्यायाधीशांना लवून नमस्कार केला आणि मग एकमेकांचे हात हातात घेतले.

निकाल मर्यादित होता. वसाहतींतली गुलामी मोडणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडले. तरीही आम्हाला वाटते, रनीमीडच्या कलमातला 'स्वतंत्र' हा शब्द खऱ्या अर्थाने फुटला तो ह्या दिवशी. सरदारांनी आपल्यासाठी बनवलेल्या दारातून एक बेडी घातलेला माणूस आत आला आणि मोकळा होऊन बाहेर पडला.

नात म्हणाली, "म्हणजे आजोबा, सगळ्यांना हक्क कुणी दिलेच नाहीत. ज्यांना दिले नव्हते त्यांनी ते मागून घेतले."

आम्ही म्हटले, "मागून नव्हे बाळ, भांडून." आणि भाचसुनेने लगेच जोड दिली, की बायकांनीही तेच केले. सभागृहाच्या लगतच्या प्रार्थनामंदिरातल्या कपाटात १९११ च्या शिरगणतीच्या रात्री एमिली डेव्हिसन लपून बसल्या होत्या, शिरगणतीच्या कागदावर पार्लमेंट हाच आपला पत्ता लागावा म्हणून. इंग्लंडमधल्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क मिळायला १९२८ साल उजाडले.

ते कागद आपल्याकडे कधी आले?

ह्याच सभागृहात १७८८ ते १७९५ वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालला. हिंदुस्थानात केलेल्या जुलमाचा जाब पार्लमेंट मागत होते. सात वर्षांनी तो निर्दोष सुटला. मुंबईला १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आले. १८२८ मध्ये पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलाला त्याच्या नातलगाने अडवून ठेवल्याची तक्रार होऊन त्या कोर्टाने देहोपस्थितीचा हुकूम काढला. गव्हर्नर माल्कम यांनी तो पुण्यात बजावू दिला नाही. न्यायमूर्ती ग्रँट यांनी निषेध म्हणून १८२९ च्या एप्रिलमध्ये कोर्टच बंद ठेवले! प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि निकाल कोर्टाच्या विरुद्ध लागला. इंग्रजांचा तो प्रसिद्ध हुकूम मुंबई बेटाची खाडी ओलांडून पुण्यातल्या एका पोरापर्यंत पोचू शकला नाही. आपल्या घरातला कायदा वेगळा आणि गुलाम मुलखातला वेगळा, हे इंग्रजांनी शेवटपर्यंत पाळले. १९१९ चा रौलट कायदा त्याचीच साक्ष आहे.

हा सगळा इतिहास बाबासाहेबांच्या नजरेखालून गेला होता. ग्रेज इनमध्ये १९१६ साली त्यांचे नाव दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने मधेच परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा जाऊन १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. म्हणूनच घटना समितीत ९ डिसेंबर १९४८ रोजी, घटनेतले सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते, ह्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले ते आम्हाला वेस्टमिन्स्टरच्या त्या फरशीवर अधिक कळले. त्यांनी बोट ठेवले ते समतेच्या कलमावर नाही की भाषणस्वातंत्र्याच्या कलमावर नाही. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, ते आजचे ३२ वे कलम हेच घटनेचे हृदय आणि आत्मा, असे ते म्हणाले. ज्या हक्कामागे दाद मागण्याची जागा नाही, तो हक्क म्हणजे रिचर्ड राजाने वाटलेली सनद. पकडलेल्या माणसाला कारण सांगावे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, हे २२ वे कलम पाहा. तेथेही तास मोजले आहेत.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. इंग्रजांच्या साऱ्या सनदा राजाला बांधतात. शेजाऱ्याच्या जुलमाबद्दल त्या बोलत नाहीत. आपल्याकडे पाणवठ्यावरून हाकलणारा राजा नव्हता, गाव होते. म्हणून आपल्या घटनेत १७ वे कलम आले आणि अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरला. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट सर्वांना खुले, हे १५ व्या कलमात शब्दशः लिहिले गेले. असे कलम रनीमीडला नाही आणि वेस्टमिन्स्टरलाही नाही. इंग्लंडकडून हत्यार घेतले, पण त्याला धार आपल्या दुःखाची लावली.

हत्यारही वापरले नाही तर गंजते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी देहोपस्थितीची दारे बंद केली. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही अशी तजवीज केली, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला. म्हणजे ही लढाई १२१५ ला संपली नाही, १९५० लाही संपली नाही.

तेव्हा वाचकहो, ज्यांना जमेल त्यांनी रनीमीड आणि वेस्टमिन्स्टर अवश्य पाहावे. प्रत्येकाला विलायतेला जाणे जमणार नाही, त्याची गरजही नाही. घटनेची मराठी प्रत घरात असू द्या. रविवारी जेवणे झाल्यावर मुलांना जवळ बसवून १४ वे, १७ वे, २१ वे, २२ वे आणि ३२ वे कलम मोठ्याने वाचायला लावा. १४ व्या आणि २१ व्या कलमात हक्क कोणाला दिला आहे ते त्यांना विचारा. तेथे 'स्वतंत्र माणूस' असे लिहिलेले नाही. 'कोणतीही व्यक्ती' असे लिहिले आहे. त्या दोन शब्दांपर्यंत पोचायला माणसांना किती शतके लागली, ते त्यांना सांगा.